न्हाणीच्या भिंतीवरचा डबा

मटण चवदार झालं पाहिजे आणि घरातल्या मसाल्याला त्याचा विटाळ होता कामा नये, या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच बाईकडून मागितल्या जात होत्या.

लंकाबाई त्र्याहत्तर साली चांदवडहून लग्न होऊन सातपूरला आली. नवरा पुंजाराम कारखान्यात फिटर. दोन खोल्या, मागे हातभर अंगण आणि अंगणात न्हाणी. आमची न्हाणी तिच्या न्हाणीला चिकटून, त्यामुळे पुढची आठ वर्षं मी डोळ्यांनी पाहिलेली आहेत.

सासू साळूबाई सायखेड्याची. गळ्यात माळ होती, मटण खात नव्हती. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मुलगा दर रविवारी मटण आणायचा, त्याला मात्र ती कधी अडवत नसे. "कमावता गडी हाय, खाऊ दे," म्हणायची. मुलाच्या खाण्यात पाप नव्हतं. पाप होतं ते सुनेच्या हाताला. लंकाबाईनं अंगणात तीन विटांवर शिजवायचं, पातेलं वेगळं, पळी वेगळी. आणि लवंग, दालचिनी, खोबरं भरलेला घरातला पितळी डबा? "माझ्या डब्याला मटणाचा हात लागायचा नाय." मीठ, हळद आणि तिखट तेवढं ती उंबऱ्यातून सुनेच्या हातावर वरून टाकायची, दारात आलेल्याला पीठ टाकावं तसं.

पुंजारामला वेगळा मसाला आणायला सांगितलं तर तो म्हणे, "घरात डबाभर मसाला असताना बाजारातून कशाला?"

पहिल्या रविवारी त्यानं ताट पुढं सरकवलं. "हे मटण हाय का काढा?"

दारात बसलेली साळूबाई म्हणाली, "हाताला गुण नाय तिच्या."

डब्यावर स्वतः बसलेली बाई असं म्हणते आणि लेकाला एकदाही विचारावंसं वाटत नाही की मटणात पडलं काय होतं! त्या दिवशी मला भिंत ओलांडून जावंसं वाटलं होतं. मी गेले नाही. शेजारणी जात नाहीत.

लंकाबाई रडली नाही. शोधायला लागली. पेठ तालुक्याकडची एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन कॉलनीत यायची, तिला जुनं लुगडं देऊन हिनं कारळे घेतले. खोबऱ्याच्या जागी कारळे भाजून वाटले. फुटक्या माठात ओवा लावला होता, त्याची जाड पानं सावलीत वाळवून लवंग-मिरीच्या जागी घातली. कोथिंबीर मुद्दाम खुडली नाही, फुलू दिली, तिचे धणे केले. भाऊ चांदवडहून कांद्याचं पोतं आणायचा, त्यातले कोणी घेत नाही असे बारके कांदे निखाऱ्यात पुरून काळे केले, पत्र्यावर वाळवले आणि सगळ्यांबरोबर कुटले. चैत्रात चिंचेचा कोवळा पाला.

सगळं काही पहिल्याच फटक्यात जमलं नाही. एकदा कारळे करपून रस्सा कडू झाला. एकदा तिनं शेवग्याचा पाला घालून पाहिला, तर पुंजारामनं ताट कुत्र्यापुढं ओतलं. साळूबाई हसून म्हणाली, "आता तुळस तेवढी राहिली. तीबी घाल."

"तुळस तुमची हाय, आत्याबाई," लंकाबाई म्हणाली. "मी आपली कुंपणाकडचं बघते."

तिसऱ्या वर्षी मात्र रविवारी तिच्या अंगणातला वास सुटला की आमच्या ओळीतले पुरुष आपापल्या दारात येऊन उगाच उभे राहू लागले. पुंजारामचे सोबती जेवायला येऊ लागले. बोटं चाटून जात.

आणि हा मसाला राहायचा कुठं? डालड्याच्या डब्यात, न्हाणीच्या भिंतीवर, फिनेलची बाटली आणि खराटा यांच्या मधे. पावसाळ्यात ती वर प्लॅस्टिक बांधून दगड ठेवायची, तरी दोनदा बुरशी आली, एकदा मुंग्या शिरल्या. दर पावसाळ्यात ती विचारायची, "आत्याबाई, फळीवर कोपऱ्यात ठेवू का? झाकण घट्ट हाय."

"झाकण घट्ट असंल. विटाळ सैल असतो."

ज्या डब्यानं घराचं नाव झालं त्याला घरात जागा नाही! आणि ते कोणाला खटकतही नाही. खाणाऱ्या एकालाही नाही.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात नणंद मंगला नांदगावहून सासू-सासऱ्यांना घेऊन आली. अंगणात पंगत बसली. मंगलाचा सासरा झिपरू दोनदा रस्सा मागून म्हणाला, "विहीणबाई, मसाला कुणाचा?"

साळूबाई पदर सावरून म्हणाली, "आमच्या घरचा. माझ्या आईपासून चालत आलेला."

आठ वर्षं या मसाल्याला उंबरा ओलांडू न देणारी बाई! लंकाबाई चुलीपाशी होती. तिच्या हातातली पळी थांबली, मग पुन्हा फिरली. निघताना साळूबाईनं पितळी डब्यातला मसाला पुडीत बांधून लेकीला दिला.

महिन्यानं मंगला एकटीच परत आली, डोळे सुजवून. "आई, तुझा मसाला घालून केलं आणि सासऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, आईनं पोरीला भुसा बांधून दिला का? आठ दिवसांवर पोराचं जावळ आलंय. गाव जेवायचंय. तसंच मटण झालं पाहिजे म्हणतायत, न्हाईतर सासूबाई मला चुलीजवळ उभी करणार नाईत."

साळूबाईनं न्हाणीच्या भिंतीवरच्या डब्याकडे पाहिलं. म्हणाली, "लंके, दे तिला तुझ्या डब्यातला."

लंकाबाई धुणं पिळत होती. मी माझ्या न्हाणीत होते, माझंही धुणं थांबलं.

"देते की," ती म्हणाली. "पण मंगलाताईंच्या सासरी तो घरचा मसाला म्हणून जाणार. घरचा हाय तर घरातनं जाईल. फळीवरनं."

"माझ्या देवाशेजारी मटणाचा डबा?"

"देवाशेजारी नको. मिठाशेजारी."

"माळेची तरी लाज बाळग!"

"माळ तुमची, आत्याबाई, मी तिला हात लावला नाय. तुम्ही मात्र माझ्या मसाल्याला तुमच्या आईचं नाव लावलं. त्या वेळी विटाळ कुठं गेला हुता?"

मंगला हळूच म्हणाली, "आई, काय बिघडतंय गं? झाकण घट्ट हाय त्याला."

साळूबाई उठली. तिनं फळीवरचा आपला पितळी डबा उचलला आणि आतल्या खोलीत देवाच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. मिठाशेजारची जागा रिकामी झाली. लंकाबाईनं डालड्याचा डबा पदरानं पुसला, आत नेला, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला, मगच झाकण उघडून मंगलाला वाटीनं मसाला मोजून दिला. कशात काय घालते तेही सांगितलं, लपवलं नाही. मला तेवढा मोठेपणा जमला नसता.

जावळ थाटात झालं. दुसऱ्या दिवसापासून साळूबाई ओळीत सांगत फिरली, "सुनेला मीच शिकवलं सगळं." पण पितळी डबा कोनाड्यातून फळीवर परत आला नाही. वरणाला चिमूटभर काही लागलं तरी ती देवापर्यंत जायची.

न्हाणीच्या भिंतीवर डब्याच्या बुडाचा गंजका गोल उमटून राहिला होता. साळूबाई एकदा म्हणाली, "तो डाग घासून काढ, वंगाळ दिसतो."

लंकाबाईनं भांडी घासता घासता वर पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आठ वर्षांचा हाय. दिसू द्या."