लेझमीला दोन्ही हात लागतात

त्या आठवड्यात विशाखाला कुणी काहीही विचारलं, तरी ती फिरून साडीवरच यायची. भाजीवाल्यानं मेथी देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "गडद निळी घेतली. काठ चंदेरी." त्यानं गपगुमान मेथीची जुडी पिशवीत टाकली.

आता एवढं काय त्या साडीत, ते सांगायलाच पाहिजे. भीमनगरात विशाखाचं पिको-फॉलचं मशीन. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वस्तीतल्या बायांचं लेझीम पथक निघतं, सगळ्या गडद निळ्या साडीत. त्या साड्यांना फॉल लावायची विशाखा, आणि मिरवणूक बघायची कडेला उभी राहून, बुद्धवंदनेची पांढरी साडी नेसून. लोकांना वाटायचं, बाई लई श्रद्धाळू. श्रद्धा होतीच हो, पण पांढऱ्या साडीचं कारण ते नव्हतं. तिला सोरायसिस. केसांच्या कडेनं, कानामागं, कोपरांवर लाल चट्टे, आणि त्यांचा कोंडा सारखा खांद्यावर सांडायचा. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाय, एवढीच गोष्ट. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई ताट उचलून दुसरीकडं जाऊन बसली, तेव्हापासून विशाखाचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर जायला लागला. मशीन चालवतानाही जायचा. झोपेतही जात असंल तर कुणी बघितलंय.

यंदाच्या हिवाळ्यात कातडी इतकी फुटली, की ती एकटीच घाटीत, सरकारी दवाखान्यात, जाऊन आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हा आजार कुणाला लागत नाही. आणि तुम्ही कातडीशी भांडू नका." भांडणंच होतं ते, दुसरं काय. कढत पाणी, घासणी, खसाखसा साबण. विशाखानं ते सगळं सोडलं. कोमट पाणी घ्यायचं, जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्यानं अंग नुसतं टिपायचं, आणि कातडी ओलसर आहे तोवरच मलम लावायचं. डोक्याला तेल मुरवायचं, खपली आपणहून सुटंल तेवढीच सुटू द्यायची. नवरा संघपाल शेंद्र्याच्या कारखान्यातून आला की पाठीवर, जिथं तिचा हात पोचत नाय तिथं, मलम लावायचा. मशीनला वंगण द्यावं तसा अगदी मन लावून. आणि खरं सांगायचं तर अंघोळीनंतर दार लावून निवांत बसायचा तो वेळ विशाखाला आवडायलाच लागला. लग्न झाल्यापासून तिनं स्वतःसाठी दार लावलंच नव्हतं.

चट्टे काही गेले नाहीत, पण निवले. मग एके दिवशी सासूपुढं जाऊन उभी राहिली. सासू म्हणजे चंपाबाई, पथकाची पुढारी. "आत्याबाई, यंदा मी पण."

चंपाबाईनं तिला वरून खालपर्यंत बघितलं. "ये की. पण एक ध्यानात ठेव. लेझमीला दोन्ही हात लागतात."

त्याचा अर्थ सरावात कळला. जरा विसर पडला की हात सुटून खांद्यावर जायचा आणि ठोका चुकायचा. बाया हसायच्या, हीपण हसायची. पण हळूहळू हात लेझमीवर थांबायला लागला. पोटात आनंद मावंना झाला होता. फॉल लावताना पाय मशीनवर कमी आणि हलगीच्या ठेक्यावर जास्त हलायचे.

आणि मिरवणुकीच्या आदल्या दिवशी बाईनं घोळ घातला. एवढी निळी साडी नेसायची, तर डोकं एकदम लख्ख पाहिजे, म्हणून बारीक दातांची फणी घेऊन बसली. एक खपली निघाली, दुसरी निघाली, मग हात थांबंना. सकाळी डोकं लालबुंद, आग आग, आणि कोंडा आधीपेक्षा दुप्पट. संघपालनं गार पाण्याची घडी ठेवली, तेल लावलं, एका शब्दानं रागावला नाय. तेच तिला जास्त लागलं. खाटेवर दोन साड्या घेऊन ती रडत बसली, एक निळी, एक पांढरी.

चंपाबाई दारात आली. बघितलं, सगळं समजली. समजूत बिमजूत काही काढली नाय. म्हणाली, "कोणची नेसायची ते तुझं तू ठरव. पथक चारला निघतंय."

तीन वाजता विशाखानं पांढरी साडी घडी घालून ठेवली.

ऊन उतरताना पथक निघालं. हलगी कडाडली आणि विशाखाच्या अंगात वारं शिरलं. पुढं, मागं, वाकून, उठून. डोकं चुरचुरत होतं. खांद्यावर काय सांडतंय ते तिला न बघता कळत होतं. पण दोन्ही हात लेझमीत होते, आणि एकही ठोका चुकत नव्हता.

चौकात हलगी थांबली. बाया दम खायला लागल्या. विशाखाच्या मागं मोनाली होती, यंदाच पथकात आलेली कॉलेजातली पोरगी. ती म्हणाली, "काकू, तुमच्या खांद्यावर काहीतरी सांडलंय. झटकू का?"

ह्याच एका वाक्याला भिऊन विशाखानं इतकी वर्षं कडेला काढली होती. बोटं सवयीनं सुटायला लागली. तिनं लेझीम घट्ट धरली.

"राहू दे," ती म्हणाली. "माझंच आहे ते. सोरायसिस आहे मला. लागत नाय कुणाला."

मोनालीनं खांद्याकडं बघितलं, मग पुढं बघितलं. "बरं. मग जरा डावीकडं सरका ना काकू. मला चंपाआजीचा हात दिसत नाय, ठोका चुकतोय माझा."

विशाखा डावीकडं सरकली. हलगी पुन्हा सुरू झाली. मिरवणूक जिथं संपते ते भडकल गेट अजून लांब होतं, आणि ते आणखी लांब असतं तर तिला चाललं असतं.