धाकट्याला दहापैकी सहा

सोफ्यांचं दुकान दोघा भावांचं होतं, पण सुई एकट्या धाकट्याच्या हातात असायची. थोरला गिऱ्हाइकांशी बोलायचा. बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. फाटक्या रेक्झिनची खुर्ची घेऊन आलेला माणूस मखमलीचं कापड ठरवून जायचा आणि वर हसत जायचा. धाकटा मागे, ओठांत टाचण्या धरून स्प्रिंगा बांधत बसलेला. माझं चष्म्यांचं दुकान अगदी समोर, त्यामुळे हे सगळं मी रोज पाहायचो.

दोघांना लहानपणापासून टीव्हीवरच्या कुस्तीचं वेड. चमकदार कपडे, आरडाओरडा आणि आधीच ठरवलेला निकाल, ती कुस्ती. थोरला कायम जिंकणाऱ्याच्या बाजूनं, धाकटा हरणाऱ्याच्या. काम करताकरता वाद चालायचा आणि वरच्या मजल्यावरून आई ओरडायची, "जेवायला या रे आधी, मग मरा भांडून!" मी एकदा म्हटलं, "सगळं लुटुपुटीचं तर आहे." धाकट्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "काका, निकाल ठरलेला असतो, पण पडणं खरं असतं. समोरच्याची मान सांभाळून त्याला आपटायचं, हे सोपं वाटतं तुम्हाला?"

या भांडणांचे व्हिडिओ करायची कल्पना थोरल्याची. फोमच्या ठोकळ्याला फोन टेकवायचा, कुणाच्या तरी अर्धवट सोललेल्या सोफ्यावर बसायचं आणि बोलायचं. कुस्ती झाली, मग मालिका आल्या, मग व्हिडिओ गेम. धाकटा एखादा गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय त्यावर तोंड उघडायचा नाही. थोरला तासाभरात निकाल लावून मोकळा.

"रटाळ आहे. अर्ध्यातच झोप आली मला."

"अर्ध्यात? तू पहिला पूल तरी ओलांडलास का, दादा?"

लोकांना मजा यायला लागली. बघणारे वाढले. आणि थोरल्याच्या एक गोष्ट लक्षात आली: ज्या दिवशी तो धाकट्याला घालूनपाडून बोलतो, त्या दिवशी बघणारे सगळ्यात जास्त.

"कुस्तीत कसं, एक नायक लागतो, एक खलनायक," तो म्हणाला. "मी नायक आहेच. तू वाईट हो."

"म्हणजे काय करू?"

"काही करू नकोस. मी बोलतो, तू गप्प बस."

धाकटा गप्प बसला. गप्प बसणं त्याला जमायचंच. थोरला व्हिडिओत सांगू लागला की हा आळशी आहे, हा कामचोर आहे, यानं एका बाईंचं महागडं चामडं कात्रीनं बिघडवलं. चामडं वगैरे काही बिघडलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात एक जुन्या गिऱ्हाईक बाई येऊन आपली आरामखुर्ची तशीच उघडीबोडकी घेऊन गेल्या. धाकटा खुर्ची टेम्पोत चढवायला गेला, तर म्हणाल्या, "तुम्ही हात लावू नका." थोरल्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "म्हणजे आपलं काम पटतंय लोकांना!"

पुढे एका गेमवरून वाद रंगला होता. धाकट्याला तो फार आवडला होता, का आवडला ते तो मन लावून सांगत होता. थोरला मध्येच म्हणाला, "याला वेळच वेळ. घरात ना पोर, ना बाळ. बायकोला ते जमेना, हा बसला बटणं दाबत."

धाकट्याच्या बायकोचं बाळ सहाव्या महिन्यात गेलं होतं. थोरला तेव्हा तिच्या खाटेजवळ बसून होता, त्यानंच तिला पाणी पाजलं होतं.

धाकट्यानं फोन उचलून बंद केला. पण थोरल्यानं तेवढा भाग व्हिडिओत तसाच ठेवला. उलट शेवटी धाकट्याचा हात कॅमेऱ्यावर येतो, ते लोकांना सगळ्यात आवडलं.

धाकट्याच्या बायकोनं तो पाहिला. नवऱ्याला एवढंच विचारलं, "तू तिथं बसला होतास ना?"

दुसऱ्या सकाळी धाकटा आपल्या वाकड्या सुया आणि कात्री घेऊन बाहेर पडला. बसच्या आगारात सीट शिवायचं काम मिळालं. पत्र्याची शेड, तेलाचा वास, उसवलेल्या सीटांची रास. तिथेही लोक ओळखायचे. एक ड्रायव्हर रोज विचारायचा, "काय मग, बदला कधी?"

"कसला बदला? मी खरंच सोडलंय ते."

"हां हां, असंच बोलायचं," म्हणून तो डोळा मारायचा.

व्हिडिओखाली लोक भांडत होते. धाकट्यानं परत यावं की नाही, आल्यावर आधी कुणाला मारावं, बायकोलाही एखादा भाग द्यावा का. गेल्या वर्षभरातलं सगळ्यात चांगलं कथानक, असं कुणीतरी लिहिलं होतं.

मग आई गेली. थोडा ताप आणि मग दम, असं होऊन गेलीच. स्मशानात दोघे भाऊ लांब लांब उभे होते. सगळं आटोपल्यावर थोरला चालत आला आणि धाकट्याच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. धाकट्याचे हात आधी खालीच होते. मग त्यानं ते भावाच्या पाठीवर ठेवले. मी जवळच होतो. मला वाटलं, चला, म्हातारीनं जाताजाता एवढं केलं.

आठवडा व्हायच्या आत ती मिठी व्हिडिओत आली. थोरल्याच्या मेहुण्यानं लांबून फोन धरला होता. खाली लोकांनी गुणही दिले होते. थोरल्याला दहापैकी नऊ. धाकट्याला सहा, कारण तो रडला नाही. एकानं विचारलं होतं, म्हातारी खरंच गेली की पुढच्या भागात येणार?

धाकटा दुकानात आला. मी माझं काम सोडून मागोमाग गेलो, म्हटलं हातघाईवर यायला नको. पण त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"दादा, तू रडलास ते खरं होतं का?"

"खरं होतं रे! आईशपथ खरं होतं," थोरला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "खरं होतं म्हणूनच तर टाकलं. खोटं लोकांना लगेच कळतं."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर फोमच्या ठोकळ्याकडे गेली, तिथून कपाटाच्या वर, तिथून खिडकीत. फोन कुठे लावलाय ते तो शोधत होता. फोन थोरल्याच्या खिशात होता, बंद. पण तो ते सांगेपर्यंत धाकटा रस्त्यावर पोचला होता.

काही महिन्यांत लोकांना कंटाळा आला. 'आता पहिल्यासारखी मजा नाही' असं लिहून एकेक जण दुसरीकडे गेला. थोरला हल्ली दुकानात नुसता बसून असतो. शिवायला माणूस ठेवलाय, त्याचे टाके आठवड्यात उसवतात. परवा माझ्याकडे चष्म्याची काडी बसवायला आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही सांगा ना त्याला. आता कुणी बघत नाही म्हणावं. आता ये."

मी आगारात जाऊन सांगितलं. धाकटा सीटचं कापड ताणत होता.

"हे तुम्हाला त्यानं बोलायला सांगितलं?" त्यानं विचारलं.

"हो."

तो माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघायला लागला. खिशात माझा फोन होता. मी तो काढून त्याच्या हातात दिला, म्हटलं, बघ बाबा. त्यानं खरंच बघितला, उलटसुलट करून. मग परत दिला आणि कापड ताणायला लागला.