बोर्डवर दहा, काट्यावर शून्य

त्या दुपारची घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. त्याला कारण माझ्याच हस्ताक्षरातली एक ओळ आहे.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. पनवेल परिसरात भरावाची कामे जोरात होती आणि डंपर चालवणाऱ्यांना मागणी होती. नेऱ्याच्या बाजूला एका बंद दगडखाणीत कोणीतरी ड्रायव्हिंग स्कूल काढले होते. चिखल, खड्डे आणि चढउतारावर भरलेली गाडी कशी चालवायची, हे तिथे शिकवत. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात सहायक निरीक्षक होतो.

डबा उघडला तोच फोन आला. उतारावरून डंपर सुटला, एक ठार. पोहोचलो तेव्हा डंपर खाली कातळाला टेकून उभा होता. मयत माणूस गाडी आणि कातळ यांच्यामध्ये सापडला होता. हातात लाल फडके तसेच होते. तोही तिथलाच शिकाऊ. ज्याची फेरी झाली त्याने पायथ्याशी फडके घेऊन उभे राहायचे आणि पुढच्याला इशारा द्यायचा, अशी त्या स्कूलची पद्धत होती.

गाडी चालवणारा तिशीचा, उरणकडच्या कोळी कुटुंबातला. खाडीत मासळी उरली नाही म्हणून ड्रायव्हर व्हायला निघालेला. मयत त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. दोघे एकाच मोटारसायकलवरून शिकायला येत.

उताराच्या तोंडावर बोर्ड होता: वेगमर्यादा ताशी १० किमी. प्रशिक्षकाला सगळे उस्ताद म्हणत. तो बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा काय शोभेला लावलाय साहेब? रोज घसा फोडतो. पण यांना हिरोगिरी करायची असते."

पंचनामा उरकला. ठाण्यात येऊन सरकारतर्फे फिर्याद मीच लिहिली. अपघाताच्या फिर्यादीत शेकडो वेळा लिहिलेली ओळ हातातून आपोआप उतरली: 'वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून...' चालकाला अटक केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचा फोन वाजला. पलीकडचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, बोर्डवर दहा लिहिलंय ना? मग गाडीचा काटा बघितलात का?" नाव विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला. आवाज गॅरेजवाल्याचा असावा असे वाटले. मागे हातोड्याचे ठोके ऐकू येत होते.

मी खिशात डायरी बाळगतो. कामांना क्रमांक घालतो आणि झालेल्या कामापुढे खूण करतो. त्या पानावर पहिले काम लिहिले: काटा. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकांना घेऊन खाणीत गेलो. स्कूलच्या दोनही डंपरची स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सपासून सोडवून ठेवलेली होती. दोन्ही काटे शून्यावर. मालक निर्विकारपणे म्हणाला, "किलोमीटर पडत नाहीत, विकताना गाडी कमी चाललेली दिसते. सगळेच करतात, साहेब."

म्हणजे दहाचा बोर्ड होता आणि दहा मोजायला काहीही नव्हते.

चालक कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. जेवण तसेच पडले होते.

"किती जोरात होतास?"

"जोरात नाय साहेब. पयल्या गिअरात व्हतो. उस्ताद सांगतात, पयल्यात टाका, गाडी दहाच्या वर जातच नाय."

"मग गेली कशी?"

"तेच कलत नाय मना. भावजी फडका हलवत व्हते, थांब, थांब. मी ब्रेक दाबला, तं गाडी ऐकंना."

निरीक्षकांचा अहवाल वेगळे सांगत होता. गिअरचा दांडा दुसऱ्या गिअरमध्ये सापडला होता. आरोपी खोटे बोलतो, हा आमच्या नोकरीतला पहिला समज. तरीही दोन पंच आणि त्या निरीक्षकांना घेऊन त्याला खाणीत नेले. इंजिन बंद ठेवून आधी तो रोज शिकायचा त्या दुसऱ्या डंपरमध्ये बसवले. म्हणालो, "पहिला टाक." त्याने दांडा डावीकडे घेऊन मागे ओढला. बरोबर होते. मग अपघाताच्या गाडीत बसवले. त्याने न बघता तेच केले. डावीकडे, मागे.

निरीक्षक म्हणाले, "या गाडीत हा दुसरा. पहिला पुढे आहे. भरलेली गाडी उतारावर दुसऱ्यात आवरत नाही, नुसत्या ब्रेकने थांबत नाही."

दांड्याच्या गोळ्यावरचे आकडे झिजून गुळगुळीत झाले होते. चालक स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला.

उस्तादाला ठाण्यात बसवले. पहिला तास तो बोर्डच सांगत होता. मग मी विचारले, "दहाचा वेग तुम्ही कसा ओळखता?"

"कानाने. इंजिन सांगतं."

"नवीन माणसाने कान कुठून आणायचे? तुम्ही शेजारी का नव्हता?"

त्याने पाणी मागितले. मग म्हणाला, "मेहुण्याची फेरी झाली आणि रोजच्या गाडीचा रेडिएटर फुटला. मी त्यात हात घालून बसलो होतो. याला म्हटलं, ती दुसरी घेऊन उतर. गिअरचं सांगायचं राहिलं, साहेब. एवढंच राहिलं."

उस्ताद आणि मालक यांना आरोपी केले. चालकाविरुद्ध पुरावा नाही, असा कलम १६९ चा अहवाल कोर्टात पाठवला. मग डायरीतल्या शेवटच्या कामासाठी उरणकडे गेलो. ते काम होते: बहिणीला सांगणे.

ती ओटीवर बसली होती. मी म्हणालो, "तुमच्या भावाने शिकवल्याप्रमाणेच गिअर टाकला होता. तो दोषी नाही."

तिने आतून प्लास्टिकच्या पिशवीतली फिर्यादीची झेरॉक्स आणली. "ह्यो कागद आमचे घरात समद्यांनी वाचलाय. भरधाव लिवलंय. सासू माझे भावाला दारात उभा करत नाय. साहेब, येग तुमी मोजला व्हता?"

"नाही."

"मंग लिवलात कशाला?"

कागद बदलता येत नाही, पुरवणी अहवाल जोडता येतो, असे काहीतरी मी सांगितले. तिने झेरॉक्सची घडी घातली आणि ती आत गेली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मोजमाप हाती आल्याशिवाय मी वेगाबद्दल एक शब्द लिहिला नाही. हाताखालच्यांनाही लिहू दिला नाही. त्या खाणीत चालकाचा हात सवयीने चालला, तसाच ठाण्यात माझाही चालला होता. कोठडीत मात्र तो बसला.

ती डायरी अजून कपाटात आहे. त्या पानावरच्या सगळ्या कामांपुढे खूण आहे. शेवटच्या कामापुढे नाही.