ऐंशी नंबरचं दार

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात सर्व्हरचा रूट पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता. रूट म्हणजे त्या मशीनचा मालक, त्याच्या परवानगीशिवाय तिथं पान हलत नाही. पासवर्ड टाकताना मी कीबोर्डवर रुमाल धरायचो. लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं.

त्या वर्षी माळशिरसची एक मुलगी कामाला लागली. सहा महिने तात्पुरती, पुढं ठेवायचं की नाही ते कारखान्याचे मालक ठरवणार. ऑर्डरींची वेबसाइट तिनं एकटीनं उभी केली. अडलं ते दारापाशी. नुसता पत्ता टाकला की ब्राउझर मशीनच्या ऐंशी नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, जातो, आणि असले लहान नंबरचे पोर्ट उघडायचा हक्क फक्त रूटला.

"रूटशिवाय ऐंशीवर काही चालत नसतं," मी सगळ्यांसमोर सुनावलं. "आणि रूट तुला मिळणार नाही."

"चालतंय की सर. मला रूट नकोच हाय. त्या एका प्रोग्रॅमला तेवढं दार उघडायची परवानगी द्यायची. एकच ओळ हाय, ती तुमी चालवा."

दोघंतिघं खाली मान घालून हसले. पंधरा वर्षं नोकरी करून मला ती ओळ माहीत नव्हती. तिनं चिठ्ठीवर लिहून दिली. मी घडी न उलगडता ड्रॉवरमध्ये टाकली.

मग रोज सकाळी ती टेबलापाशी यायची. "सर, ते तेवढं..." मी चहा फुंकत बसायचो, नसलेले फोन घ्यायचो. एकदा तिला जुन्या फायली लावायला बसवलं. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

शेवटी तिनं साइट ८०८० वर चालवली. त्या नंबरला कुणाची परवानगी लागत नाही, पण पत्त्यामागं तो आकडा टाकावा लागतो. दाखवायच्या दिवशी मालकांनी सवयीनं नुसता पत्ता टाकला. काहीच उघडलं नाही.

"शेवटी आकडा टाकायचा, साहेब," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक आकडे पाठ करत बसणार होय?" मालक माझ्याकडे वळले. "याला काही उपाय?"

"नाही साहेब. पायाच चुकलाय तिचा."

"सर, मी चिठ्ठी दिली होती की," ती हळूच म्हणाली.

"कसली चिठ्ठी?" मी विचारलं.

महिनाअखेरीला तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

आठवड्यानं मालक म्हणाले, साइट बनलीच आहे तर चालते का बघा. मी रुमाल धरून पासवर्ड टाकला, चिठ्ठी उलगडली आणि शाळेतल्या पोरासारखी एकेक अक्षर बघून ती ओळ उतरवली. तिच्या सेटिंगमधलं ८०८० खोडून ८० केलं. पहिल्या फटक्यात चाललं. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

चिठ्ठीवर ओळीखाली तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सर, काही अडलं तर मला हाक मारा.'

काहीच अडलं नव्हतं.