कंडम होडीतला पट्टीचा पोहणारा

मला पोहता येत नाही ही गोष्ट मी लग्नानंतर बारा वर्षं बायकोपासून लपवून ठेवली होती, आणि आम्ही अंदमानला गेलो नसतो तर ती माझ्यासोबतच सरणावर गेली असती. (गोष्ट. बायको नव्हे.)

खोटं बोलायची मला हौस नव्हती, पण सासरेबुवांनी वेळच तशी आणली. त्यांचं गाव पवनी, घर वैनगंगेच्या काठावर. मुलगी बघायला गेलो तर शिक्षण, पगार, क्वार्टर काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन म्हणाले, "पोहता येते का? नदी पार न करणाऱ्याले आमी पोरगी देत नाई."

आतून कुसुमच्या बांगड्या वाजल्या. मी घास गिळला आणि म्हणालो, "येते म्हणजे? पुरात दोनदा पार केली वैनगंगा."

"दोनदा कावून?"

"जाऊन वापस आलो ना!"

झालं. महिनाभरात लग्न लागलं. पुढची बारा वर्षं मी ही अब्रू भिलाईत सहज सांभाळली, कारण भिलाईत पोहायचा प्रसंगच येत नाही. तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती आणि त्या अख्ख्या राज्याला समुद्र नव्हता. (पुढे छत्तीसगड वेगळं झालं, त्यालाही कोणी दिला नाही.) वर्षातून एकदा वैशाली नगरातल्या आमच्या मंडळाचा गणपती कुरुदच्या तलावात शिरवताना तेवढी भीती असायची. पण पट्टीचा पोहणारा म्हणून सगळे मला मानत, त्यामुळे मी काठावर उभा राहून नुसत्या सूचना द्यायचो. "डावीकडून धरा! मूर्ती तिरपी करू नका! मी आहे इकडे, घाबरू नका!"

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला, तिथे दर काही वर्षांनी कुटुंबाला घेऊन देशात कुठेही जायची सवलत मिळे. आमचे शेजारी त्या सवलतीत थेट कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले आणि महिनाभर गल्लीला शिंपले दाखवत फिरले. त्यांच्यावर मात करायची तर प्रश्न असा, की कन्याकुमारीच्या पुढे जमीनच संपत होती. "मग पाण्यात जाऊ!" असं मी जेवताना ठणकावून म्हणालो आणि ताटातच मला घाम फुटला. पण बाण सुटला होता. मंजू आणि बंटी या आमच्या दोन पोट्ट्यांनी 'अंदमान! अंदमान!' म्हणत घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात पवनीहून आलेल्या सासूबाईही म्हणाल्या, "मीबी येतो. जवाईबापूचं पोहणं पाहाचं राह्यलंच हाये."

दुर्गहून कलकत्ता, तिथून जहाज. चार दिवस चहूकडे पाणी! बंटी ओकत होता, मंजू उड्या मारत होती आणि सासूबाई कठड्याला टेकून "अगाई माय, केवढी वो ही नदी!" म्हणत होत्या. मीसुद्धा खरं सांगतो, हरखून गेलो होतो. भट्टीच्या लालीशिवाय दुसरा रंग फारसा न पाहिलेला माणूस मी. पोर्ट ब्लेअरला ते निळं-हिरवं पाणी पाहिलं आणि क्षणभर पोहता येत नसल्याचं विसरूनही गेलो.

शेवटच्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीने आम्ही दोन-अडीच तासांवरच्या एका छोट्या बेटावर गेलो. तीन वाजता हीच बोट परत, आणि दुसऱ्या दिवशी कलकत्त्याचं जहाज. ते चुकलं तर पुढचं पंधरा दिवसांनी! नारळाची झाडं, पांढरी शुभ्र वाळू, माणूस औषधालाही नाही. समुद्र तर लांब कुठेतरी चमकत होता. आणि मधल्या ओल्या वाळूत, किनाऱ्यापासून शंभरएक पावलांवर, एक लाकडी होडी कलंडून पडली होती.

इथे माझी नोकरी सांगणं भाग आहे. मी कारखान्याच्या भंडार विभागात. जुन्या मालाला हाताने ठोकून, कान लावून 'चालू' किंवा 'कंडम' असा शेरा मारायचा, हे माझं काम. माझ्या शेऱ्याने भलेभले पंप आणि मोटारी भंगारात गेल्या आहेत. मी होडीभोवती एक चक्कर मारली. रंग उडालेला, दोर कुजका, समुद्र कोसभर दूर. बोटाच्या पेराने टकटक केलं आणि शेरा दिला, "कंडम! वर्षानुवर्षं पडली आहे."

"मंग यातच बसू न," कुसुम म्हणाली. "वाऱ्यानं स्टोव्ह विझणार नाई."

आम्ही कंडम होडीत संसार मांडला. सतरंजी घातली, दोन वल्ही उभी करून त्यांवर चादरीचं छत केलं, स्टोव्ह पेटवला. कुसुमने पिठलं केलं. कालच्या भाकरी, कांदा, वर ठेचा! समुद्राच्या वाऱ्यात असं पिठलं मी जन्मात खाल्लं नव्हतं. चार भाकरी झाल्यावर मी आडवा झालो. तलावाकाठची माणसं आम्ही. पाणी सकाळी जिथे असतं तिथेच ते संध्याकाळीही असणार, याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नव्हती.

स्वप्नात मला कोणीतरी पाळण्यात झोके देत होतं.

"पप्पा! पप्पा, उठो ना! आपण हिलून राहिलो!"

डोळे उघडले. चादरीचं छत डुलत होतं. उठून पाहिलं तर वाळू गायब! होडीच्या चारी बाजूंना पाणी, किनारा दूर, आणि आमचा संसार दोराच्या टोकाला गिरक्या घेत होता. मी डोळे चोळले. पाणी तसंच.

"हे पाणी कुठून आलं?" मी ओरडलो.

"समुद्रातून," सासूबाई सुपारी कातरत म्हणाल्या. त्या इतक्या शांत कशा, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

घड्याळात सव्वादोन. काठावर चिटपाखरू नाही. आम्ही "बचाव! बचाव!" म्हणून ओरडलो, तर नारळाच्या झाडावरून एक कावळा उडाला.

"अजी," कुसुम भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुमी पोहून जा न. कोणाले तरी घेऊन या."

बारा वर्षं ज्या वाक्याला मी भीत होतो ते असं, ओल्या उलथन्याकडे बघत, सहज आलं. मंजूचे डोळे चमकले. बंटी टाळ्या पिटायला लागला. "पप्पा तैरेंगे! पप्पा तैरेंगे!"

"भरल्या पोटी पोहायचं नसतं," मी म्हणालो. "शास्त्र आहे."

"झोपले तेवढ्यात जिरलं असन," सासूबाई.

"आणि खोली किती आहे कोणास ठाऊक!"

"पण तळ दिख रहा है, पप्पा," बंटी वाकून म्हणाला. "शंख पण दिसून राहिला."

खरंच दिसत होता. आमच्या कुरुदच्या तलावात गुडघ्याखालचा पाय दिसत नाही. मी आशेने वाकलो. पण तेवढ्यात मंजू, सहावीत पहिली आलेली माझी लेक, मान हलवत म्हणाली, "हमारी मॅडम ने बताया है. पाण्यात चीज असते त्यापेक्षा पास दिसते. म्हणजे बहुत खोल हाये!"

"ऐका!" मी म्हणालो. "निदान दहा पुरुष खोल!" लेकीच्या हुशारीचा मला इतका अभिमान आणि इतकं भय एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

"दहा पुरुष काय, शंभर असले तरी पोहणाऱ्याले काय फरक पडते?" सासूबाईंनी सुपारीचं खांड माझ्यापुढे केलं. "दोनदा वैनगंगा पार केली न तुमी? पुरात? टाका उडी, जवाईबापू."

अडीच वाजले. पोरं माझ्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. त्या नजरेपुढे कोण नाही म्हणणार? मी सदरा काढला. पँट काढली. पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत होडीच्या टोकावर उभा राहिलो. घड्याळ मंजूच्या हातात दिलं. कपाटाची किल्ली कुठे असते ते कुसुमला सांगितलं. (तिला माहीत होतं. तीच ठेवते.) बंटीला म्हणालो, "आईला त्रास देऊ नकोस." मग सूर्याला नमस्कार केला, डोळे मिटले, नाक धरलं...

आणि पाय हलेनात. एक हात नाकाला, दुसरा वल्ह्याला. तसाच मी रडायला लागलो.

"कुसुम! मला माफ कर! मला पोहता येत नाही! कधीच येत नव्हतं! वैनगंगा मी डोंग्यात बसून पार केली आणि तेव्हाही ओकलो! तुझ्या बापाला फसवलं! आई, तुम्हालाही फसवलं! गणपतीच्या वेळी माझे पाय कापतात! आता आपण सगळे इथेच मरणार, म्हणून सांगतो!"

सगळं ओकून टाकलं. फार हलकं वाटलं. आता मरायला हरकत नाही, असंसुद्धा वाटून गेलं.

मग मागून डुबुक-डुबुक असा आवाज आला. वळून पाहिलं, तर डोक्यावर टोपली घेतलेली एक बंगाली बाई, लुगडं वर खोचून, थेट समुद्रातून चालत येत होती. चालत! पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत!

"ए बाबू!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हमारा डोंगी में नंगा होके काहे को रोता है?"

मग तिची नजर स्टोव्हकडे गेली, पिठल्याच्या पातेल्याकडे गेली, चादरीच्या छताकडे गेली. "हमारा आदमी शाम को इसमें मछली पकड़ने जाता है. तुम लोग इसमें होटल खोला?"

ती 'कंडम' होडी रोज समुद्रात जात होती.

मी कुसुमकडे पाहिलं. तिने पदर तोंडात कोंबला होता आणि खांदे गदगदत होते. सासूबाई तर उघड हसत होत्या, डोळ्यांतून पाणी काढून.

"तुला... ठाऊक होतं?"

"मघाच पातेलं धुतांनी उलथनं खाली टेकलं," कुसुम कशीबशी म्हणाली. "आमी नदीच्या काठच्या. पाणी घुडग्याएवढं का गळ्याएवढं, आमाले समजत नाई का?"

"आणि माझं पोहणं?"

"ते तर तुमच्या सासऱ्याले पहिल्याच दिवशी समजलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "पोहणारा माणूस नदीकडे पाठ करून पोहे खात नाई."

"मग मुलगी कशी दिली?"

"ते म्हणे, पोट्टा खोटं बोलला का कानं लाल होते. असा जवाई बरा, पकडता येते." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "पण तुमच्या तोंडून ऐकाचं होतं. बारा वर्षं लावले तुमी!"

"मग आता?" मी चड्डी सावरत विचारलं. "पोरगी वापस नेता का?"

"वापरलेला माल आमी वापस घेत नाई."

दहा मिनिटं! फक्त दहा मिनिटं तोंड बंद ठेवून उडी मारली असती तरी गुडघाभर पाण्यात मी पट्टीचा पोहणारा म्हणून उभा राहिलो असतो. पण खरं सांगू? पोरांचे हात धरून ती बंगाली बाई पुढे, सासूबाई मधे, आणि माझा हात घट्ट धरून कुसुम मागे, असे आम्ही निघालो, तेव्हा बारा वर्षांत पहिल्यांदा मला पाण्याची भीती वाटत नव्हती. कुसुमने हात दाबला आणि कानात म्हणाली, "असू द्या. मले तुमीच पायजे होते."

हे ऐकून मी इतका खूश झालो की पाय घसरला आणि त्या गुडघाभर पाण्यात बुडालो. केसाला धरून बाहेर काढलं सासूबाईंनी.

फेरीबोट मिळाली, जहाजही मिळालं. भिलाईला आल्यावर आमची बातमी शेजाऱ्यांच्या शिंपल्यांपेक्षा जास्त फिरली, कारण बंटी ती हिंदीत आणि कुसुम मराठीत सांगत होती. कारखान्यात आता मी कुठल्याही मालाला कंडम म्हणण्याआधी जेवणाची सुट्टी होऊ देतो. कोण जाणे, उठून चालायला लागायचा! आमच्या घरात मात्र कंडम ठरूनही वापरात असलेली एकच वस्तू आहे. दर गणपतीत ती कुरुदच्या काठावर उभी राहून जोरजोरात सूचना देते, आणि मागून तिची बायको सगळ्या मंडळाला ऐकू जाईल असं म्हणते, "घुडग्याएवढंच हाये जी, उतरा!"