शांतता! आता हसा

हातातली छत्री फरशीवर दोनदा आपटायची आणि ओरडायचं, "शांतता! आता हसा!" अशी सरांची सुरुवात. छत्री बारा महिने हातात असायची, पण उघडलेली कुणी पाहिली नाही. पावसात सर तसेच भिजायचे. छत्री उघडली तर आपटणार काय?

मग बागेत जमलेली आम्ही सगळी म्हातारी माणसं हात वर करून हसायचो. सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहायचे. वेळ झाली की एकच शब्द, "पुरे." लगेच बंद. एखाद्याचं हसू मागे रेंगाळलं तर त्यानं वर्गात सुपारी खाल्ल्यासारखं त्याच्याकडे बघायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी संपते, पण माणूस नोकरीतून बाहेर येत नाही. आमच्या सातपूरच्या कॉलनीत तर गल्लोगल्ली आहेत. एक सुपरवायझर घरी सुनेला शिफ्ट लावून देतो. एक कॅशियर नातवाला चॉकलेट देताना दोनदा मोजतो. आमचे सर शाळेतून निवृत्त झालेले, आणि कॉलनीत नवीन राहायला आलेले. त्यांनी बागेत हास्यवर्ग काढला. कुणी चुकून हास्यक्लब म्हणालं तर चिडायचे. "क्लबात पत्ते खेळतात. हा वर्ग आहे!"

वर्गात नावं चालत नसत. "नाव विचारलं की गाव निघतं, गाव निघालं की ओळख निघते, आणि ओळख निघाली की शिस्त गेली." म्हणून सगळ्यांना नंबर. सकाळी सहाला हजेरी. उशीर झाला तर झेंड्याच्या खांबापाशी उभं राहायचं. निवृत्त अधिकारीसुद्धा गुपचूप उभे राहायचे, घरी कुणी इतकं विचारत नसावं.

"नंबर आठ, दात दिसले पाहिजेत!" नंबर आठ आपली कवळी खिशात ठेवायचे. ते खिशातून काढून दाखवायचे, "हे बघा सर, आहेत."

"नंबर चार, शेजारणीकडे बघून हसू नका. स्वतःचं हसा!"

दुसऱ्या बागांमध्ये म्हणे सिंहाचं हसू असतं, लस्सीचं हसू असतं. आमच्याकडे घटक चाचणी होती.

मी नंबर तेवीस. शिक्षण चौथी. नापास नाही, चौथी सोडलेला. फरक आहे, आणि तो पुढे सांगतो. सगळी हयात कारखान्यात वेल्डिंग केलं. माझी मंडळी गेली त्यानंतर मी घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागलो. मुलगी घोटीला दिलेली. मला ती दादा म्हणते. तिचा रोज फोन. "दादा, बागेत जा. हसू नका पायजे तर, पण चार माणसात उभं तरी राहा."

म्हणून जायचो, आणि मागच्या रांगेत नुसता उभा राहायचो. टोपी, मिशा, हाताची घडी. हसायचो नाही. आमच्या चांदवडकडे घरातलं माणूस गेलं की वर्ष पाळतात. वर्षश्राद्ध होईपर्यंत सण नाही, गोडधोड नाही, लग्नात वाजंत्रीपुढं उभं राहायचं नाही. हसायचं नाही असं कुणी ठरवून दिलेलं नाही. पण ती गेलेली आणि मी सकाळी सहाला हात वर करून हा हा हा करायचं, हे मला पटेना. कारण सांगायलाही जमेना. दुःख काय बागेत शिरणीसारखं वाटत फिरायचं?

कॉलनीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. एक सरांनाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. आमच्या कॉलनीत नळाला पाणी आलं नाही तरी तक्रार अशीच राहून जाते.

तर घटक चाचणी आली. तोंडी परीक्षा. एकेकानं पुढं येऊन हसून दाखवायचं. नंबर आठ पास झाले, कवळीसकट. नंबर चार काठावर. मग, "नंबर तेवीस, पुढे या!"

मी गेलो आणि उभा राहिलो. सगळे बघायला लागले. सर म्हणाले, "हं. हसा."

मी हाताची घडी घातली.

"कारण?"

माझ्या तोंडून जे निघायचं ते निघालं. "सर, हसण्यासारखं काय झालंय ते तर सांगा."

आणि काय सांगू, सगळा वर्ग हसला. त्या बागेत पहिल्यांदा खरं हसले असतील लोक. पोट धरून. नंबर चार खाली बसल्या. सर "पुरे! पुरे!" ओरडले, पण कुणी थांबेना. सरांचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं, मी वर्ग फोडायला आलोय. छत्री माझ्याकडे रोखून ते ओरडले, आणि 'तुम्ही'वरून घसरून थेट 'तू'वर आले. "उद्या पालकांना घेऊन ये! त्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही!"

लोक आणखीन हसले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पालक आण म्हणतोय. मला मात्र हसू आलं नाही. मी चप्पल घातली आणि घरी आलो.

आता चौथीचं सांगतो. आमच्या गावच्या शाळेत तपासणीला साहेब येणार होते. गुरुजींनी घाईघाईत हार घातला तो जीपच्या ड्रायव्हरला. ड्रायव्हरनंही गप्प मान वाकवली. मी हसलो. सगळी शाळा शांत आणि मी एकटा मोठ्यानं. साहेब गेल्यावर गुरुजी म्हणाले, "बापाला घेऊन ये, नाहीतर शाळेत येऊ नको." मी वडलांना सांगितलं. वडील शाळेला लय घाबरायचे. "आज कांदा भरायचाय, उद्या येतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "उद्या." मी रोज अंघोळ करून, पाटी घेऊन ओट्यावर बसायचो. एक दिवस आईनं पाटी आत नेली आणि मला शेळ्यांकडे पाठवलं. झालं माझं शिक्षण.

म्हणजे बघा, तिथं हसलो म्हणून बाहेर, इथं हसलो नाही म्हणून बाहेर. मास्तर लोकांना नक्की पाहिजे तरी काय? आणि दोन्ही वेळा अडलं ते एकाच जागी. माझ्याकडून यायला कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं होतं. पहाटे चहा करताना भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे लक्ष गेलं. पोरांच्या शाळेत पालकसभेला तीच जायची. सातवी शिकलेली. इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत पेन टाकून. पेनाचं काम पडायचं नाही, तरी न्यायची. मी शाळेच्या फाटकापर्यंतसुद्धा कधी गेलो नाही. आमच्या घरात पालक म्हणजे तीच होती.

मनात म्हटलं, थांब मास्तरा. तुला पालक पाहिजे ना?

फोटो खाली काढला. हार बाजूला ठेवला, काच पुसली. तिच्या सुती साडीत गुंडाळून बाजाराच्या पिशवीत घातला. म्हटलं, "चल. शाळेत बोलावलंय."

खोटं कशाला सांगू, मी वाकड्या मनानंच गेलो होतो. चारचौघात मास्तरला खाली मान घालायला लावायची, एवढाच विचार. हजेरी चालू होती. मी सरळ पुढं गेलो, फोटो बाहेर काढला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला.

"हे घ्या. आणले पालक."

नंबर आठांचा हात खिशातच राहिला. सरांनी चष्मा वर केला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. छत्री काखेत मारली आणि दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, वहिनी. या. बसा."

बागेत एकच प्लास्टिकची खुर्ची होती, सरांची. त्यावर दुसरं कुणी टेकलं तर ते ओरडायचे. ती खुर्ची त्यांनी रुमालानं पुसली आणि फोटो माझ्या हातातून घेऊन तिच्यावर ठेवला. स्वतः समोर उभे राहिले, शाळेत पालक आले की मास्तर उभे राहतात तसे.

"वहिनी, ह्यांच्याबद्दल तशी तक्रार नाही. वेळेवर येतात. कपडे स्वच्छ असतात. पण वर्गात हसत नाहीत." मग आवाज उतरला. "घरी हसायचे का?"

विचारलं आणि थांबले. खरंच उत्तराची वाट बघत थांबले. शेवटी तिच्या वतीनं मलाच बोलावं लागलं.

"हसायचा," मी म्हटलं. "मोठ्यानं. शेजारचे भिंत ठोकायचे."

सरांनी मान हलवली. "वर्ष कधी होतंय?"

"चैत्रात."

ते वर्गाकडे वळले. "नंबर तेवीसना चैत्रापर्यंत हसण्यातून सूट. हजेरीतून नाही!" आणि पुन्हा खुर्चीकडे बघून म्हणाले, "वहिनी, आलात, बरं झालं."

मान खाली घालायला लावायला गेलो होतो. माझीच वर होईना.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर सरांनी मला टपरीवर चहा पाजला. बशीत चहा ओतून बराच वेळ फुंकत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी पाठवलंय."

"कुणी?"

"वरून. तपासणीला. टोपी, मिशा, हाताची घडी, मागच्या रांगेत. सगळी नोकरी मी त्या रांगेला घाबरलो. तुमच्याकडे नजर गेली की माझंच हसू अडकायचं."

मी म्हटलं, "आणि इथं मी तुम्हाला घाबरत होतो, सर."

त्यांनी बशी खाली ठेवली. "मला? खरंच?" एवढा खूश झालेला माणूस मी पाहिला नाही. "अहो, शाळेत मला एक पोरगं घाबरलं नाही. माझ्या तासाला डबे खायची पोरं. मी 'शांतता' म्हटलं की मुद्दाम हसायची. शेवटी म्हटलं, हसणारच आहात ना, मग मी सांगतो तेव्हा हसा."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर राग धरायचा कसा?

पुढे रोज हजेरीला माझं उत्तर ठरलेलं. "नंबर तेवीस?" "हजर. सूट." नंबर आठांनी कवळी दुखते म्हणून सूट मागून पाहिली. मिळाली नाही. "आधी पालकांना आणा," सर म्हणाले.

चैत्रात वर्षश्राद्धाला मी गावाकडे निघालो. आदल्या दिवशी सर म्हणाले, "परत आलात की तोंडी परीक्षा. तयारी करून या." मी म्हटलं, "बघू." पण गोडाचं जेवण झालं, दुखवट्याची टोपी बदलली, आणि परत येताना गाडीत मी खरंच तयारी केली. खिडकीकडे तोंड करून हळूच हा हा केलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, उलटी होतीये का? पिशवी देऊ?"

सकाळी सहाला बागेत पोचलो. सगळे होते. पांढरे कपडे घालून होते. छत्रीचा आवाज नव्हता. प्लास्टिकच्या खुर्चीवर एक फोटो होता, छत्री खुर्चीला टेकवून ठेवलेली.

मी गावाला असतानाच सर गेले होते. घरातच, खुर्चीत बसल्या बसल्या. मला कुणी कळवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं कळवलं असेल.

शोकसभा होती. कॉलनीचे सेक्रेटरी माईक घेऊन आले होते. वर्गात ते कधी फिरकले नव्हते, म्हणून सरांबद्दल पुष्कळ बोलले. सरांनी समाजाला दिशा दिली म्हणाले. कुठली, ते त्यांनाही ठाऊक नसावं. सरांचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते मला त्यांचं वाटलंच नाही. मी फोटोकडे बघत होतो. परीक्षा घ्यायची राहिली होती. मी तयारी करून आलो होतो, पण परीक्षा घेणारा माणूसच उठून गेला होता.

"आता सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची आहे," सेक्रेटरी म्हणाले. मागे कुणीतरी कुजबुजत होतं. सेक्रेटरी चिडले आणि माईकवर ओरडले, "शांतता!"

मी ठरवलं नव्हतं. इतके महिने रोज तो शब्द ऐकलेला, आणि त्याच्यामागून काय येतं तेही. माझी सूट संपली होती. माझे हात वर गेले आणि मी हसलो. मोठ्यानं. घरी हसायचो तसा.

सेक्रेटरींच्या हातातला माईक तसाच राहिला. मग माझ्या शेजारी नंबर आठांनी खिशात हात घातला, कवळी तोंडात बसवली आणि तेही हसायला लागले. मग नंबर चार, रडत रडत. मग सगळा वर्ग, पांढऱ्या कपड्यात, हात वर करून.

सेक्रेटरी कळवळून विचारत होते, "अहो, काय चाललंय? थांबवा कुणीतरी!"

पण "पुरे" म्हणणारा खुर्चीवर होता, आणि तो काही म्हणेना.