पॉवर प्रेसचा केक

माझ्याकडे केक सांगायला येणारी माणसं सहसा फोन पुढे करूनच बसतात. त्यात परदेशातल्या कुठल्या तरी चार मजली केकचा फोटो असतो आणि "सेम असाच, फक्त छोटा आणि बिनअंड्याचा" अशी मागणी असते. असे वीस फोटो बघून झाले की भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी गत होते. म्हणून मी फोन बाजूला ठेवायला लावते, चवीला एक तुकडा देते आणि विचारते, "ज्यांच्यासाठी केक आहे, त्यांना काय आवडतं?" यावर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आकुर्डीला राहत्या घरीच माझं हे काम चालतं. बाहेरच्या खोलीत बैठक, आत ओव्हन. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे गिऱ्हाईक गुरुवारी जास्त. केकच्या बोलण्यांत घरातली भांडणंही बाहेर येतात. आईला केकवर बाळाचा फोटो हवा असतो, तर लेकराच्या तोंडावर सुरी फिरवणार का म्हणत आजी उठून उभी राहते. मी मध्ये पडत नाही. केक सजवायचा फिरता पाट स्वच्छ असला तरी पुसत बसते.

अशाच एका गुरुवारी तिघं आले. चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात, तिथले दोन कामगार, आणि त्यांच्याबरोबर पन्नाशी उलटलेल्या एक बाई. बाईंचा नवरा महिनाअखेरीला त्याच कंपनीतून रिटायर होणार होता.

"शाल-नारळ कंपनी देईल, केक आमच्याकडून," दोघांतला थोरला म्हणाला. "सरप्राइज हाय. वहिनींच्या पसंतीनं व्हावं म्हणून त्यांना आणलंय."

पसंती मात्र ते दोघं घरूनच ठरवून आले होते. केक पॉवर प्रेसचा हवा, पत्रा दाबायच्या ज्या मशीनवर त्या गृहस्थांनी सगळी नोकरी काढली, त्याच मशीनचा. धाकट्यानं फोन काढला. मशीन पुढून, मशीन मागून, मशीन बाजूनं. मुलीचं स्थळ दाखवावं तसा तो एकेक फोटो दाखवत होता. मला खरं तर बरं वाटलं. सरळ कडा, चौकोनी अंग. गुलाबाच्या पाकळ्या काढत बसण्यापेक्षा हे सोपं.

"मशीन नको," बाई म्हणाल्या.

"का हो वहिनी?"

"त्यात त्यांची दोन बोटं गेलीत. आता त्याच हातात सुरी द्यायची आणि चार लोकांत मशीन कापायला लावायचं?"

"अवो, म्हणून तर!" थोरला पुढे सरकला. "दुसरा असता तर खातं बदलून घेतलं असतं. हा वाघ त्याच मशीनवर परत हुबा राहिला. आमी आजबी नव्या पोरांना सांगतो."

"वाघबिघ काही नाही, भाऊजी. मुलं शाळेत होती म्हणून उभे राहिले. झोपेत हात मागे ओढून घ्यायचे. अजून घेतात."

पाट पुसून झाला होता, तरी मी पुसत राहिले. त्या दोघांचा मला राग आला होता. पण धाकट्यानं फोन हळूच पालथा ठेवला आणि थोरला नुसता फरशीकडे बघत बसला, तेव्हा तो राग टिकला नाही. त्यांनाही तो माणूस प्यारा होता, हे दिसत होतं.

मी माझा नेहमीचा प्रश्न पुढे केला. "मग त्यांना काय आवडतं?"

"त्यांना..." बाई शिफ्टा मोजू लागल्या. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट. ते जागे तेव्हा त्या कामात, त्या मोकळ्या तेव्हा ते झोपलेले. "तसं कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्या मशीनपासून वाचवायला त्या दोघांशी एवढ्या भांडल्या होत्या, पण मशीनच्या जागी काय ठेवावं हे त्यांना सुचेना. मला फार वाईट वाटलं.

त्यांनी पिशवीतून फोन काढला.

"वहिनी, सरप्राइज!" थोरला म्हणाला.

"खड्ड्यात गेलं सरप्राइज." त्यांचा फोन फक्त स्पीकरवर चालायचा, त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला ऐकू आलं. "अहो, ही मंडळी तुमच्यासाठी केक करतायत. तुमच्या मशीनचा. मी नको म्हणतेय. तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच सांगा."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"मशीनचाच करू दे," ते म्हणाले.

"अहो, पण..."

"अगं, त्यानं मला एकदा कापलं. आता एकदा मी त्याला कापतो."

ते हसले आणि त्यांनी फोन ठेवला. आमच्याकडे कोणी हसलं नाही. मी पेन्सिल घेतली आणि मशीनचा रंग विचारला. हिरवा, दोघंही एकदम म्हणाले.

"आणि आत काय घालू?" हे मी बाईंनाच विचारलं.

त्यांनी फोन पिशवीत टाकला.

"काहीही घाला, ताई," त्या म्हणाल्या. "फक्त लाल नको."